झाकल्या आरशाची खोली

वत्सलाताई केळशीकरांकडे मला पहिल्यांदा नेलं ते माझ्या बाबांनी, आणि तेही एक तक्रार घेऊन. मी तेव्हा अकरावीत होते. पनवेलच्या जुन्या बाजारपेठेत तांदळाची एक वखार आहे. तिच्या बाजूच्या अरुंद जिन्याने वर गेलं की ताईंची खोली लागते. दाराशी चपला काढता काढताच बाबा म्हणाले, "बाई, हिला जरा ताठ बसायला शिकवा. सांगून सांगून मी थकलो."

ताई म्हणाल्या, "ते मला येत नाही हो. दुसरं काही चालेल का?"

बाबा गोंधळले. बाहेरच्या पाटीवर तर 'बसणे, उठणे, चालणे' असं स्वच्छ अक्षरात लिहिलेलं होतं. हा प्रसंग इथे देण्यापूर्वी मी बाबांना विचारून घेतलं आहे. त्यांनी परवानगी दिली. फक्त आपण 'थकलो' नाही, 'कंटाळलो' म्हणालो होतो, अशी दुरुस्ती सुचवली. म्हणून दोन्ही शब्द नोंदवते.

माझं सुरुवातीचं शिक्षण घरीच झालं. लहानपणी मला दमा होता, त्यामुळे चौथीपर्यंत बाबांनीच शिकवलं. सकाळी कचेरीत जायच्या आधी आणि संध्याकाळी परत आल्यावर. ते शिकवणं उत्तम होतं. माझं अक्षर, माझं गणित, मला जे काही नीट येतं ते सगळं त्या टेबलावरचं आहे. पण टेबलावर एक लाकडी फूटपट्टी असे. मी वाकले की ती पाठीला हलकेच टेकवून बाबा म्हणत, "ताठ." त्यांनी कधी मारलं नाही, रागावलेही नाहीत. तरी आपलं काहीतरी चुकतं आहे आणि ते आपल्या आधी दुसऱ्याला दिसतं आहे, ही भावना माझ्या खांद्यांत जी शिरली ती निघाली नाही. ताईंकडे गेले तेव्हा माझे खांदे कानांना लागलेले असत आणि आठवड्यातले निम्मे दिवस डोकं दुखे.

ताईंनी मला बिनपाठीच्या एका लाकडी स्टुलावर बसवलं. म्हणाल्या, "ऊठ." मी उठले.

"कुणी उठवलं?"

"मीच उठले."

"नाही. तू अजून बसलीच आहेस. घाई उठली."

मग त्यांनी माझ्या मानेमागे हात ठेवला. झोपलेल्या मुलाच्या अंगावर पांघरूण घालताना हात जसा असतो तसा. त्या हाताला माझ्याकडून काहीही नको होतं. ताई म्हणाल्या, "आता मनात म्हण, मला उठायचं नाही. खरंच म्हण. मग वाटलं तर ऊठ, नाहीतर बसून राहा." मी तसं म्हटलं. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. मी उभी होते, आणि उठल्याचं मला कळलंच नव्हतं. घरी जाताना बाबांनी विचारलं, काय शिकवलं? मी म्हटलं, काही नाही. ते खरंच होतं.

ही विद्या अशी आहे. ती हाताने द्यावी लागते आणि मानेने घ्यावी लागते. पुस्तकातून ती येत नाही, बोलूनही फारशी येत नाही. ज्या हातांनी ताईंनी ती पनवेलमधल्या कितीतरी लोकांना दिली, ते हात आज त्यांच्या ताब्यात नाहीत. त्यांचा वर्ग माझ्याकडे आला आहे. ताईंच्या हाताने जे सांगितलं ते माझा हात सांगू शकेल का, याची मला खात्री नाही. ताईंच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथासाठी मला लिहायला सांगितलं तेव्हा मी दोनदा नाही म्हटलं ते त्यामुळेच.

ताई मूळच्या पी.टी.च्या शिक्षिका. मुलींना उडी दाखवताना त्या पडल्या आणि पाठ धरून कित्येक महिने अंथरुणावर होत्या. पुढे दादरला राहणाऱ्या एका वृद्ध पारशी बाईंचं नाव कुणीतरी सांगितलं. त्या बाई तरुणपणी विलायतेत ही विद्या शिकून आल्या होत्या. ताई एस.टी.ने त्यांच्याकडे जात राहिल्या, आधी बरं होण्यासाठी आणि मग शिकण्यासाठी. पारशी बाईंना मराठी मोडकं येई आणि ताईंना इंग्रजी बेताचं. ताई म्हणतात, त्यामुळे शिकणं सोपं झालं. बाईंनी या विद्येला मराठीत नाव दिलं नाही, ताईंनीही दिलं नाही. पनवेलने मात्र दिलं. बाजारात ताईंना 'उठाबशांच्या बाई' म्हणत. भाजीवाली विचारी, "काय बाई, आज कुणाला शिक्षा?" ताई म्हणत, "तुझाच नंबर आहे, ये संध्याकाळी."

वर्गात बँकेतल्या देशपांडेकाकू होत्या, आणि कामोठे गावचे बाळारामदादा. ते एस.टी.चे ड्रायव्हर. पळस्प्याहून गोव्याच्या रस्त्याला लागलं की मान जी आखडे ती परत येईपर्यंत सुटत नसे. पहिल्याच दिवशी ताईंनी त्यांना विचारलं, गाडीत कसे बसता? दादा म्हणाले, "ताय, आमी गाडीत बसत नाय. गाडीच आमच्या मानंवर बसते." ताई इतक्या हसल्या की अण्णा आतून बाहेर आले. अण्णा म्हणजे ताईंचे यजमान, टपाल खात्यातून निवृत्त झालेले. मागच्या दोन खोल्यांत दोघांचा संसार आहे. दर वर्गानंतर अण्णांनी आतून येऊन ताईंना 'चहा करतेस ना?' असं विचारायचं, हा त्या घरचा नेम.

ताईंनी आपल्या विद्येबद्दल कधी जास्तीचा दावा केला नाही. एकदा एक बाई पायाला मुंग्या येतात म्हणून आल्या. ताईंनी त्यांना स्टुलावर बसू दिलं नाही. अण्णांना बरोबर देऊन त्याच पावली डॉक्टरांकडे पाठवलं. आम्हाला म्हणाल्या, "माझ्याकडे औषध नाही. सवय आहे. सवयीने बरं होणार नाही असं काही दिसलं, तर क्षणभरही थांबायचं नाही." सगळ्या गोष्टींत थांबायला शिकवणाऱ्या ताई या एकाच बाबतीत घाई करायला सांगत. पुढे जे घडलं त्यामुळे हे वाक्य मला फार छळतं.

त्यांच्या मायेचा एकच प्रसंग सांगते. बारावीच्या परीक्षेच्या दिवसांत मी डोकेदुखीने बेजार होऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी मला चटईवर आडवं केलं, डोक्याखाली अण्णांची दोन जाड पुस्तकं ठेवली आणि गुडघे उभे करून तशीच पडून राहा म्हणाल्या. मला झोप लागली. जाग आली तेव्हा खोलीत कुणी नव्हतं आणि गॅलरीतून कुजबुज ऐकू येत होती. पुढच्या वर्गाची मंडळी आली होती. ताईंनी सगळ्यांना गॅलरीत नेलं होतं. तिथे जेमतेम एक स्टूल मावत होतं. बाळारामदादांसकट सगळे आळीपाळीने त्यावर बसत-उठत होते, माझी झोप मोडू नये म्हणून श्वाससुद्धा जपून घेत. खाली रस्त्यावर लोक वर बघत उभे होते.

आता त्या खोलीतल्या आरशाबद्दल लिहायला हवं.

खोलीत एक लोखंडी कपाट आहे. त्याच्या दारात पुरुषभर उंचीचा आरसा आहे, आणि त्यावर निळ्या काठाची एक सुती चादर कायम लावलेली असे. नवा माणूस विचारी, आरसा झाकलेला का? ताई म्हणत, "आरशात माणूस स्वतःला बघत नाही, तपासतो. इथे तपासणी नाही." तसंच दुसऱ्याच्या बसण्या-चालण्यावर बोट ठेवायचं नाही, हाही वर्गाचा नियम होता. कुणी वाकून चाललं तरी आम्ही काही म्हणायचो नाही. त्याला ते आतून कळेपर्यंत वाट बघायची. माझ्यासारख्या मुलीला या नियमाने जगणं सोपं झालं. ती खोली सोडून दुसरी कुठलीही जागा नव्हती जिथे मला कुणी तपासत नव्हतं.

मी बी.ए. होऊन ताईंच्या हाताखाली थोडंथोडं शिकवू लागले होते त्या सुमाराची गोष्ट. ताईंचं चालणं अधिक संथ झालं. चेहरा शांत होत गेला, इतका की त्या प्रसन्न आहेत की नाही ते कळेना. चालताना डावा हात अंगालगत स्थिर राहू लागला. आवाजही खाली आला. आम्ही जिन्यातून उतरताना याबद्दल बोलायचो. देशपांडेकाकू म्हणाल्या, साधना मुरली की असंच होतं, माणूस आत जातो. मला ते पटलं. इतर कुणाला पटलं नसतं. जो कधी ताईंकडून काही शिकलेला नाही असा माणूस जिना चढून आला असता, तर त्याने पहिल्या दिवशी विचारलं असतं, बाई, बरं नाही का? पण आम्हाला संथ होणं, स्थिर होणं, कमी करणं हेच शिकवलेलं होतं. त्यामुळे ताईंच्या शरीरातून जे हरवत होतं ते त्यांनी मिळवलं आहे असं आम्ही समजलो. चालण्याच्या तासाला त्या पुढे असत आणि आम्ही मागे. समोर त्यांची पाठ आणि तो न हलणारा हात.

एका संध्याकाळी ताई म्हणाल्या, आज तुम्ही चाला, मी बसून बघते. त्या स्टुलावर बसल्या. आम्ही खोलीत गोल चालू लागलो. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "काकू, डावा हात का धरून ठेवलाय?"

काकू आनंदाने म्हणाल्या, "धरला नाही ताई, शांत केलाय. तुमच्यासारखा. आता कुठे जमायला लागलंय."

ताईंनी बाळारामदादांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग एकेकाकडे. आम्हा सगळ्यांचे डावे हात अंगालगत स्थिर होते, पावलं आखूड पडत होती. खाली वखारीत कुणीतरी पोती उतरवत होतं, त्याचे धप् धप् आवाज येत होते. ताई उठल्या. कपाटापाशी गेल्या आणि चादर काढू लागल्या. डावीकडचं टोक त्यांना सुटेना. आम्ही कुणी पुढे झालो नाही, कारण न विचारता मदत करायची नाही, हेही आम्ही तिथेच शिकलो होतो. शेवटी चादर निघाली. ताई दाराशी गेल्या आणि तिथून आरशाकडे चालत आल्या. पुन्हा दाराशी गेल्या, पुन्हा आल्या. आरशातल्या बाईकडे त्या लक्षपूर्वक बघत होत्या, एखादी नवी विद्यार्थिनी आली की बघत तशा. मग चादर परत लावली आणि म्हणाल्या, "चला. आता हात मोकळे सोडून. माझ्याकडे बघून नको."

तास पूर्ण झाला. जिन्यात बाळारामदादा थांबले. म्हणाले, "आमी इतके दिस काय बगत व्हतो?"

आजाराचं नाव कंपवात निघालं. डॉक्टर म्हणाले, हा हळूहळू वाढणारा आहे, गोळ्यांनी काही काळ आधार मिळेल. आधी कळलं असतं तर काही वेगळं झालं असतं का, हे मी अण्णांबरोबर जाऊन डॉक्टरांना विचारलं. त्यांनी नाही म्हणून सांगितलं. ते माझ्या समाधानासाठी सांगितलं असेल का, असा विचार अजून येतो. ताईंनी मात्र वर्गाला ही गोष्ट सुट्टी जाहीर करावी तशी सांगितली. काकू रडू लागल्या तेव्हा त्यांच्याजवळ बसून म्हणाल्या, "अहो, आरसा मीच झाकला होता. आणि विद्यार्थी इतके चांगले, की मला माझा आजार तुमच्या अंगावर वाचता आला."

पुढे डाव्या हाताला कंप सुरू झाला, मग उजव्यालाही. ज्या दिवशी उजवा हात बाळारामदादांच्या मानेवर थरथरला त्या दिवशी ताईंनी तो उचलून मांडीवर ठेवला. त्यानंतर त्यांनी कुणाच्याही मानेला हात लावलेला नाही. मी म्हटलं, ताई, कंप असला तरी तुमच्या हाताला जे कळतं ते कुणाला कळणार? त्या म्हणाल्या, "कळतं अजून. पण हात काय सांगतो ते आता माझ्या हातात नाही. खोटं सांगायचं नाही कुणाच्या मानेला." मग म्हणाल्या, "तू ठेव."

मी ठेवला, आणि मंडळी माझ्या हाताखाली आखडू लागली. बाळारामदादांनी एकदा तोंडावर सांगितलं, "नीलूताय, तुजा हात लागला का मला शालंत बसल्यासारका वाटतं." सगळे हसले, मीही हसले. घरी जाऊन झोप आली नाही. माझा हात लोकांना नीट करायला बघत होता. मी ताईंना जाऊन सांगितलं, की माझ्या हातात बाबांची फूटपट्टी आहे, ती जाणार नाही, तुम्ही दुसरं कुणी बघा. ताई म्हणाल्या, "दुसरं कुणी नाही. आणि फूटपट्टी आहे हे तुला कळतं ना? मग बस माझ्यामागे."

तेव्हापासून दर शनिवारी त्या स्टुलावर बसतात आणि मी त्यांच्या मानेवर हात ठेवून शिकते. पहिल्या दिवशी हाताखाली जे लागलं त्याची मी कल्पना केली नव्हती. ज्या मानेइतकी मोकळी मान पनवेलमध्ये दुसरी नव्हती, ती दोरखंडासारखी झाली होती. मला ती सोडवायची होती. हाताला इच्छा झाली न झाली तोच ताई म्हणाल्या, "दुरुस्त करायला लागलीस." मी हात काढला. पुन्हा ठेवला. "आताही." असे किती शनिवार गेले. त्या कधी रागावल्या नाहीत, कधी बरोबर आहे असंही म्हणाल्या नाहीत. दरम्यान गोळ्यांचा डोस वाढत गेला. दोन गोळ्यांच्या मधल्या वेळात त्यांचे पाय जमिनीला चिकटू लागले. आपल्याकडे वेळ फार नाही हे आम्हा दोघींनाही माहीत होतं आणि घाई करायची नाही हेही.

मागच्या शनिवारी मी त्यांना या लेखाबद्दल विचारलं. असा लेख दीर्घ आणि निरामय आयुष्याची शुभेच्छा देऊन संपवायची पद्धत आहे. त्यातला एक शब्द माझ्याच्याने लिहवत नव्हता. मी कसंबसं ते बोलून दाखवलं. ताईंचा चेहरा आता हसत नाही, पण डोळे हसतात. म्हणाल्या, "'दीर्घ' राहू दे. यांना अजून चहा करता येत नाही. 'निरामय' काढ. खोटं लिहू नकोस."

मग त्यांना उठायचं होतं. पाय चिकटले. आतून अण्णा दोन्ही हात पुढे करून धावत आले, ते नेहमीच असे येतात. ताईंनी त्यांच्याकडे पाहिलं, तसे ते तिथेच थांबले. मी मागून मानेवर हात ठेवला. ताई मोठ्याने म्हणाल्या, "मला उठायचं नाही." मीही मनात तेच म्हटलं. त्यांनी उठावं असं मला फार वाटत होतं. ते वाटणं मनगटापर्यंत आलेलं मला कळलं. मी त्याला तिथेच राहू दिलं. मान तशीच होती, कठीण. मी तिला काही मागितलं नाही. अण्णांचे हात अजून अर्धवट पुढेच होते. खाली वखारीचं दार ओढून घेतल्याचा आवाज आला.

ताई उठल्या नाहीत. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "आज नाही."

आणि मग, मी हात काढायच्या आत, "पण हात बरोबर होता."

हे वाक्य इथे लिहावं की नाही याचा मी खूप विचार केला, कारण ते माझ्याविषयी आहे असं वाटेल. पण ते ताईंच्या विद्येविषयी आहे. ती कुणाच्यातरी हातात पोहोचली हे त्यांच्या सर्व विद्यार्थ्यांना कळायला हवं, म्हणून लिहिलं.

आता समारंभाला येणाऱ्या सर्वांना एक विनंती. त्या दिवशी सत्काराची शाल उभं राहून घ्यायची ताईंची इच्छा आहे. कदाचित वेळ लागेल. कदाचित जमणार नाही. कृपया कुणी धावून येऊ नये, दंडाला धरू नये, 'सावकाश, सावकाश' म्हणू नये आणि टाळ्या वाजवून धीरही देऊ नये. मी त्यांच्या मागे उभी असेन. तेवढा वेळ आपण सर्वांनी नुसतं थांबावं. ताईंनी आपल्याला शिकवलेलं त्यांना परत देण्याची दुसरी रीत मला सुचत नाही.

वत्सलाताईंना दीर्घ आयुष्य लाभो. त्यातल्या ज्या दिवशी उठता येईल त्या दिवशी आणि ज्या दिवशी येणार नाही त्या दिवशीही, त्यांच्या मानेवरचा हात हलका असो.